संशयास्पद फाईल

"एखाद्याकडून जे कधीच येत नाही ते अचानक आलं, तर फाईल उघडायची नाही, मला कळवायचं," असं कॉम्प्युटर-सुरक्षेच्या मॅडमनी अख्ख्या ऑफिसला बजावून ठेवलं होतं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी दोन बोटांनी स्वतः टाईप केलेली एक फाईल सगळ्यांना मेल केली. अर्ध्या तासात मॅडम धावत केबिनमध्ये आल्या.

"साहेब, तुमच्या नावाने कुणीतरी व्हायरस पाठवलाय! बेचाळीस तक्रारी आल्यात, पहिली तर तुमच्या सेक्रेटरीची. पण घाबरू नका, एकानेही फाईल उघडलेली नाही. मी ती सगळीकडून उडवून टाकलीय."

साहेबांचा चेहरा पडला. "पण ती खोटी आहे, हे कशावरून ठरवलंत?"

"अहो, फाईलचं नावच मुळी 'मनापासून आभार'! इतकी वर्षं काढलीत इथे, तुमची भाषा आम्ही ओळखत नाही होय?"