शेवटच्या पेल्याचे थेंब

भास्कर मिस्त्रींनी पेल्यात बोट बुडवलं आणि फरशीवर एक थेंब उडवला. "हा आमच्या पेडणेकर पोस्टमनचा. चढली की भजनं म्हणायचा." मग दुसरा उडवला. "हा नाना खरातचा. हरला की पत्ते फाडायचा."

गल्ल्यावरून बारमालक अण्णा बघत होते. गेलेल्या सोबत्यांच्या नावानं थेंब सोडल्याशिवाय त्यांच्या बारमध्ये कुणी पहिला घोट घेत नसे. फरशी चिकट होते, मुंग्या लागतात, म्हणून अण्णा जन्मभर करवादत आले होते. आजही फडकं त्यांच्या हातातच होतं. उद्या रस्त्यासाठी बार पाडणार होते आणि जुन्या मंडळींपैकी मिस्त्री तेवढे उरले होते.

"आणि माझा थेंब कोण सोडणार, अण्णा?" मिस्त्रींनी हसतच विचारलं.

मिस्त्रींनी पेला रिकामा केला, तसा अण्णांनी तो उचलला, फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

"घरी नेतोय," ते म्हणाले. "मी कधी दारूला शिवलो नाही, घरातही येऊ दिली नाही. पण त्या दिवशी आणीन."