महिन्याची एक खेप

"बाई आत गेली की सोन्याची शीर लपते," मुकादम तोरिब्यो खाणीच्या तोंडाशी आडवा उभा राहून म्हणाला. "या सोन्याची मालकीण म्हणजे डोंगराच्या पोटातली आजी, तिला दुसरी बाई खपत नाही. हे काय मी तुला सांगायला हवं, हिलारिया?"

"मग माझ्या नवऱ्याचा महिना परत दे."

मागे खोक्यावर तिचा नवरा रुफिनो प्लास्टरमधला पाय लांब करून बसला होता. परवा त्या पायावर दगड कोसळला. या डोंगरात पगार नसतो. महिनाभर मालकासाठी फोडायचं आणि शेवटच्या दिवशी एक खेप स्वतःसाठी न्यायची, पाठीला पेलेल तेवढ्या दगडांची. वाटेत ओझं जमिनीला टेकलं, की ते मालकाचं. आज तो शेवटचा दिवस; खेप चुकली, की रुफिनोचा सगळा महिना पाण्यात गेला.

"पाय मोडलाय, खेप नाही मोडली," हिलारिया म्हणाली. "खेप घरची आहे. घरचं माणूस नेईल."

"आणि आजी रुसली तर?"

"आठ वर्षं बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगावर बसून तिचं उष्टं निवडतेय मी. ओळखते ती मला."

भोवतीचे खाणकामगार हसले. "जाऊ दे रे तिला," एक जण म्हणाला. "वीस पावलांत टेकवेल."

तोरिब्यो बाजूला झाला. "शीर लपली, तर रुफिनोला पुन्हा इथं पाऊल टाकू देणार नाही. ऐकलंस?"

ऐकलं होतं. उंबऱ्याशी आजीला नैवेद्य म्हणून कोकाच्या झुडपाची तीन पानं ठेवली आणि ती आत शिरली.

आत घोट्याएवढं गार पाणी होतं. बोगद्याच्या टोकाला शिरेखाली फोडलेल्या दगडांची रास पडली होती. तिथं राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या सिरिलोने कंदील वर धरला. पुरुष आले की मोठमोठे धोंडे उचलून पळत. हिलारिया उकिडवी बसली. दगड उचलायचा, थुंकी लावून कंदिलाशी धरायचा, तळहातावर तोलायचा. बहुतेक तिने फेकूनच दिले.

"अगं, भाजी निवडतेस का?" सिरिलो म्हणाला.

"तसंच समजा, काका."

निवडलेले काळपट, लहान, पण वजनदार दगड तिने विणलेल्या फडक्यात बांधले आणि गाठ छातीवर आवळली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. इतक्या उंच डोंगरावरच्या विरळ हवेत रिकाम्या पाठीनेही दम लागतो. ती पावलं मोजायला लागली, मग मोजणं सोडून दिलं. शेवटच्या वळणावर पाय घसरला आणि तिचा एक गुडघा पाण्यात टेकला.

ओझं नाही टेकलं. भिंतीला नखं रोवून ती उठली.

उजेडात आली तेव्हा ढिगावरच्या बायकांचे हातोडे थांबले. रुफिनो एका पायावर उभा राहिला होता. तोरिब्यो तिच्या मागे गेला, वाकला आणि फडक्याचा तळ चाचपला. स्कर्ट ओलाचिंब होता, फडकं मात्र कोरडं ठणठणीत.

तेवढ्यात सिरिलो आतून धापा टाकत आला. हिलारियाने ओझ्याची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"शीर?" तोरिब्योने विचारलं.

म्हाताऱ्याने आधी छाती भरून श्वास घेतला.

"शीर आहे तिथंच आहे. आजी मुळीच रुसलेली नाही, मुकादम. पण चांगले दगड तेवढे एकाच बाईला देऊन बसलीय."