सही करायच्या आधी

“दार लावून घ्या, बाई,” मॅनेजर म्हणाला.

इस्त्रीवालीने दार लावलं. आज त्याने ‘वकिलीणबाई’ म्हटलं नाही, तेव्हाच तिने ओळखलं, आपली गच्छंती ठरली. ते नाव लॉन्ड्रीत त्यानेच पाडलं होतं. गेल्या महिन्यात घड्या घालणाऱ्या दोघींपुढे त्याने कोरे कागद ठेवले, तेव्हा सही करू नका म्हणून हिनेच त्यांचे हात धरले होते. तो राग तो काढणारच.

टेबलावर पुठ्ठ्याचं रिकामं खोकं होतं. म्हणजे सामानाचीही सोय झाली! घरात सासू, दोन मुली आणि कमावती ती एकटी. तरी ती खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

“समजा, उद्यापासून येऊ नका म्हटलं, तर?”

“तोंडी चालत नाही, साहेब. लेखी द्यायचं, कारणासकट.”

“आणि तुम्हीच राजीनामा द्या म्हटलं, तर?”

“मुळीच द्यायचा नाही. आपणहून सोडली म्हणतात आणि हात झटकतात.”

“फारच मागे लागले, तर?”

“कोण, कधी, काय बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.”

त्याने ते वहीत उतरवून घेतलं. माझेच शब्द माझ्या गळ्यात अडकवणार हा, ती मनात म्हणाली. अडकव बापड्या.

“तक्रारीला वकील लागतो?”

“नाही. कामगार कार्यालयात नेमणुकीचं पत्र घेऊन जायचं.”

“ते नसेल तर?”

“माझ्याकडे आहे. भांडून घेतलंय.”

“तुमचं असेल हो!” तो वैतागला. “पण नसेलच, तर?”

“बँकेत पगार जमा होतो ना? तोही पुरावाच.”

मॅनेजरने रुमालाने मान पुसली. “तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते की. म्हणून तर सगळं पाठ केलंय.”

त्याने खणातून एक छापील राजीनामा काढला आणि तिच्यापुढे सरकवला. सहीची जागा कोरी होती.

“वाचा.”

वाचल्याशिवाय ती कशाला हात लावते! तिने चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत ‘हुद्दा’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढे मालकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मॅनेजर’.