भेटीचा शिक्का

आमच्या वर्गाच्या अभ्यास-सहलीत चार धबधबे, एक तलाव आणि अभ्यासापुरता एक काचेचा कारखाना होता. कारखान्याच्या गेटवर पोचलो, तोवर तलावातली शेवटची बोट सुटायची वेळ होत आली होती. मी वॉचमनला म्हणालो, "मामा, भेट झाली असं समजा आणि नुसता शिक्का द्या."

त्यांनी शिक्का जपून उमटवला. "सर, सुट्टी असून फोरमन सकाळीच आलेत. भट्टी पेटवलीय, चाळीस हेल्मेटांवर मुलांची नावं चिकटवलीत."

"आभार सांगा त्यांना," म्हणत मी बसमध्ये चढलो.

बस वळत होती, तेवढ्यात फोरमन धावत बाहेर आले आणि जोरजोरात हात हलवू लागले. पोरांनी त्यांना टाटा केलं. ते बस कुठे लावायची ते दाखवत होते.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. पायात चपला होत्या.