दोन घरांमधला पाट

मीरवैस खांद्यावर फावडं टाकून दाराबाहेर पडला, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बंदूक आत खुंटीलाच होती.

"डोकं फिरलंय का तुझं?" त्याची आई जरबीबी मागून ओरडली. "दिवसाढवळ्या त्याच्या बुरजाखालून जाणार?"

"पाट तिथूनच जातो, अदे," तो आईला म्हणाला आणि चालू लागला.

याच पाटाच्या पाण्यावरून समोरच्या घरातल्या तोरगुलने तिच्या थोरल्याला, जानसला, गोळी घातली होती. त्याला चार वर्षं झाली. पाट गाळाने बुजला आणि दोन्ही घरांची शेतं करपली. तोरगुल बुरजाबाहेर पडेना. बदला घ्यायचा तो मीरवैसने. पण मीरवैस मागच्या आठवड्यात पेशावरकडे गेला आणि शस्त्र न उचलता फिरंग्याशी लढणाऱ्या लाल डगलेवाल्यांची शपथ घेऊन आला. फिरंग्यावर हात उगारायचा नाही, शेजाऱ्यावरही नाही, सूड घ्यायचा नाही.

"भावाच्या रक्ताचा रंग अंगावर घालून आलास," जरबीबीने तेव्हा त्याला टोचलं होतं, "आणि हातात काय, तर फावडं! त्यापेक्षा माझी ओढणी घे."

आता तिने खुंटीवरची बंदूक काढली आणि गच्ची गाठली. कठड्याआड गुडघे टेकून तिने नळी तोरगुलच्या दारावर रोखली. बाहेर येऊ दे एकदा, ती मनात म्हणाली.

खाली मीरवैसने पहिलं फावडं मारलं. बुरजातून गोळी सुटली आणि त्याच्या पायाशी माती उडाली. मीरवैस दचकून खाली बसला, मग उठला, तोंडावरची माती पुसली आणि पुन्हा खणू लागला.

"अरे ए!" बुरजातून तोरगुलचा आवाज आला. "बंदूक कुठाय तुझी?"

"घरी."

"म्हणजे? मी तुला मारायचं कसं मग? रिकाम्या हाताच्या माणसाला मारलं तर गावात तोंड कुठे दाखवू?"

"तू तोंड दाखवतोस कुठे?" मीरवैस फावडं न थांबवता म्हणाला. "चार वर्षांत कुणी पाहिलंय का तुला?"

नुसतं फावडं चाललं होतं. मग बुरजातून पुन्हा शब्द आले, या वेळी जरा खालच्या पट्टीत.

"तिथे नको खणू. तिथे खाली दगड आहे. माझ्या बापाने टाकलेला. तुझ्या एकट्याच्याने नाही निघायचा."

"मग ये की."

दार करकरलं. जरबीबीने डोळा बारीक केला, बोट घोड्यावर ठेवलं. तोरगुल उंबऱ्याबाहेर आला आणि तिथेच थबकला. त्याने दोन्ही हात डोळ्यांवर धरले होते. ऊन सोसवत नव्हतं त्याला. इतकी वर्षं तिने मनात त्याला लठ्ठ, मस्तवाल पाहिलं होतं. हा तर लांबलेल्या दुखण्यातून उठलेला माणूस वाटत होता. चेहरा पिवळाजर्द, सदरा खांद्यांवरून लोंबतोय. भिंतीला धरत, पाय चाचपत तो पाटाकडे निघाला. हातात बंदूक नव्हती.

नळीसमोर तो सरळ, मोकळा उभा होता. असा पुन्हा कधी सापडला नसता.

आपलं बोट कुणी धरलं हे जरबीबीला पुढेही कधी सांगता आलं नाही. तिने बंदूक गच्चीवर आडवी ठेवली आणि जिना उतरून बाहेर आली.

ती पाटाशी पोचली तेव्हा दोघे दगडाला भिडले होते. तिला पाहताच तोरगुल ताठ झाला. मीरवैसने फावडं थांबवलं. तोरगुलच्या कपाळावरून घाम निथळत होता, मान भाजून लाल झाली होती.

"ऊन लागेल तुला," जरबीबी म्हणाली. "डोक्याला काहीतरी गुंडाळ."

तोरगुलचे ओठ हलले. "काकी..." एवढंच त्याच्या तोंडून फुटलं. त्याने खांद्यावरची चादर डोक्याला गुंडाळली आणि पुन्हा दगडाखाली हात घातले.

दुपारी दगड निघाला. गढूळ पाणी आधी आलं, मग जरा निवळ. ते दोन्ही शेतांच्या दिशेने निघालेलं पाहूनच ती मायलेकरं घरी परतली.

"आज खाली आला तो," वाटेत जरबीबी म्हणाली. "उद्या परत फिरला तर?"

"फिरेलही."

"मग?"

"मग उद्या परत जायचं, अदे. पाट काय एकदा उपसून कायमचा साफ राहतो? गाळ दर साल येतोच."

घरी तिने मक्याची भाकरी, पालेभाजीचा साग आणि ताक त्याच्यापुढे ठेवलं आणि अंगणात नमाजाला बसली. जानस गेल्यापासून नमाज झाला की ती देवाकडे एकच मागणं मागायची, तोरगुलचा जीव. आजही तिने हात पसरले. पण मागायला काही सुचेना. ती तशीच रिकामे तळवे उघडे धरून बसून राहिली. आत मीरवैस जेवत होता. तो भाकरी मोडत होता, घाईघाईने चावत होता, ताकाचा घोट घेत होता. तो आवाज ऐकता ऐकता तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, आणि तिने ते पुसलं नाही.