स्टेपनीचा आर्म

ग्राइंडर घेऊन धाकटा टाके कापायला खाली वाकला, आणि त्याला टाके सापडेनात.

काम तसं साधं होतं. गाडीवाल्याने डोंगरदऱ्यांत हिंडायला जीपला थोराड टायर घातले होते. त्याच मापाची स्टेपनी मागच्या दारावर टांगली, तर तिच्या वजनाने दाराच्या बिजागऱ्या खाली बसल्या आणि दार धड लागेना. म्हणून स्टेपनीचा भार दारावरून काढून बंपरवर घ्यायचा. एका टोकाला जाडजूड बिजागरी, दुसऱ्या टोकाला कडी, मध्ये लोखंडी आर्म आणि त्यावर चाक. कडी काढली की आर्म चाकासकट बाजूला फिरतो, मग दार उघडतं. बिजागरी वेल्ड करताना आर्म हलू नये म्हणून तो बंपरला वेल्डिंगच्या दोन छोट्या टाक्यांनी धरून ठेवतात. काम झालं की टाके कापून टाकायचे. हे थोरल्या भावाने, दादानेच त्याला शिकवलं होतं, तेही कानाखाली आवाज काढून.

आजचे दोन टाके धाकट्याने स्वतः मारले होते. "तू फक्त बिजागरीचं वेल्डिंग भर, मी कडीचे बोल्ट घेऊन येतो," असं दादाला सांगून तो गेला आणि अर्ध्या तासात परतला. तेवढ्यात दादाने बिजागरी भरली होती. शिवाय या टाक्यापासून त्या टाक्यापर्यंत आर्म आणि बंपर यांच्यामधली सगळी फटही भरली होती. वरून आणि खालूनही. आता तो आर्म कोणाच्या बापाला उघडता येणार नव्हता.

गेल्या महिन्यात दादा गॅसचा नळ चालूच ठेवून घरी गेला, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, हात जोडते, आता यांना घरी बसवा." घरी बसवलं तर दादा दोन महिने काढणार नाही, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानेच गळ घातली होती. हे एक काम बघू. नीट झालं तर दादा शेडवर येत राहील. वहिनी कशाबशा हो म्हणाल्या होत्या.

"झालं का हो?" चहा पिऊन गाडीवाला आत आला. त्याने हौसेने आर्म ओढला. जीप डुलली, आर्म जागचा हलला नाही. "हे काय? मी सामान काय काचेतून भरू?"

तेवढ्यात नळावर हात धुऊन दादा आला. पंच्याला हात पुसत तो खाली वाकला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वेल्डिंगच्या रेघेवरून अंगठा फिरवत गेला. लोखंड अजून कोमट होतं.

"हे कोणी केलं?"

"माझंच चुकलं दादा," धाकटा म्हणाला. "लक्ष नव्हतं."

"तुझं?" दादा हसायलाच लागला. "छोट्या, तीस वर्षं बघतोय मी. तुझी रेघ म्हणजे गांडूळ. हे तुला बापजन्मी जमायचं नाही." छोट्याला बावन्नावं लागलं होतं. दादा पुन्हा वाकला. "हे बघ, माशाच्या खवल्यासारखं एकावर एक. कुठे भोक नाही, कुठे थेंब नाही. हात काय बसलाय!" बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला होता. मग एकदम त्याने मान वर केली. "नवीन माणूस ठेवलास? मला न विचारता?"

"अहो, पण मघाशी मी आलो तेव्हा तर तुम्हीच..." गाडीवाला बोलू लागला. धाकट्याने त्याचा दंड असा आवळला, की तो मधेच गप्प झाला.

"हो," धाकटा म्हणाला. "ठेवलाय एक."

दादा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला.

"काढून टाक त्याला."

"दादा..."

"दादा-बिदा काही नाही. कारागीर आहे, मान्य. पण डोकं ठिकाणावर नाही त्याचं. टाके काय असतात हे विसरणारा माणूस शेडमध्ये नको. आज आर्म चिकटवला, उद्या गॅसची टाकी उडवेल आणि तुलाही घेऊन जाईल. आजच सांग."

धाकट्याला भडभडून आलं. तीस वर्षांत दादाचा शब्द त्याने खाली पडू दिला नव्हता. कामाच्या बाबतीत दादा कधी चुकतच नसे. आताही त्याचा निवाडा चुकला नव्हता.

त्याचा चेहरा बघून दादाचा आवाज खाली आला. "हे बघ, चारचौघांत नको बोलूस त्याला. एवढा हात बसलाय म्हणजे म्हातारा असणार. बाजूला घे, पाणी दे आणि सांग. आणि एकटा पाठवू नकोस, घरापर्यंत सोडून ये."

धाकटा ग्राइंडर हातात धरून तिथेच उभा राहिला.

"जा मग, उभा काय राहिलास? तू येईपर्यंत मी हे कापून ठेवतो," म्हणत दादाने ग्राइंडरसाठी हात पुढे केला. हात अगदी स्थिर होता.