सांभाळायला दिलेला कागद

भट्टीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा सरकवता सरकवता तातेरावानं त्याच्याआड तो कागदही आत ढकलला. प्लास्टिकच्या कव्हरातला कागद, सुखासुखी जळेना. आधी कव्हर आकसलं, मग काळा धूर निघाला आणि तातेरावाला ठसका लागला.

हळद शिजवायच्या कुकरपलीकडून मोतिउर धावत आला. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले.

“सेठ, प्लास्टिक जला क्या कुछ?”

“खत की थैली थी. सरपन में आयी होगी.”

“हल्दी को बास लगेगा, सेठ. ब्यापारी माल नहीं लेगा.” मोतिउरनं काठी घेतली आणि तो काळा चिकट गोळा लवकर जळून जावा म्हणून स्वतःच जाळात आत लोटला.

तातेराव बाजूला जाऊन लिंबाखाली बसला.  सकाळी वसमतच्या मोंढ्यात, आडतीवर चहा पिताना कुणीतरी सहज म्हणालं होतं, “आता कायदा कडक झालाय. बांगलादेशी माणूस कामावर सापडला की मालकबी आत.” म्हणणारा चहा संपवून निघून गेला. तातेरावाचा मात्र चहा तसाच राहिला.

मोतिउर मालद्याहून आला होता. गेल्या साली एक कामगार मालकाकडं ठेवलेलं आधार कार्ड तसंच टाकून ऐन हंगामात पळाला, तेव्हापासून तातेराव शहाणा झाला होता. यंदा त्यानं मोतिउरला सांगितलं होतं, “कार्ड नको. जिसके बिगर तू गाव जा नहीं सकता, वो चीज रख.” मोतिउरनं बराच वेळ विचार केला आणि पिशवीच्या तळातून हा कागद काढून दिला. “बाप का है, सेठ. दूसरा नहीं बनता.” तातेरावाला हेच हवं होतं. कागद कपाटात गेला.

त्यावर काय लिहिलंय ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आज मोंढ्यातून आल्या आल्या पाहिलं. अक्षरं मराठी नव्हती, हिंदी नव्हती. झालं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! ही बांगलादेशचीच लिपी आणि हा कागद घरात सापडला की आपण जाणूनबुजून माणूस ठेवला असंच ठरणार, याची त्याला खात्री पटली. मोतिउरला गावाकडं लावून द्यावं, असंही एकदा मनात आलं. पण निम्मी हळद शिजायची होती आणि कुकरवर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणून माणूस ठेवला आणि कागद जाळला.

दुपारी बाहेरून आलेल्या मजुरांची तपासणी करत ठाण्याची जीप आली. अमृतराव जमादार उतरले. तातेरावाच्या बायकोनं, आशाबाईनं, खुर्ची टाकली, पाणी दिलं. जमादारांनी मोतिउरचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“कार्ड काय, कुणीबी बनवतं. पुराना कागज है क्या? बाप का, दादा का?”

“है ना साब!” मोतिउर हसला. “जमीन का है, बाप के नाम का. बंगला में लिखा है, सरकारी ठप्पा है.”

तातेरावानं हळूच विचारलं, “बंगला म्हंजी... ते आपल्यातलंच का, साहेब?”

“मंग? मालदा काय परमुलुखात हाय? आपल्याच देशातला जिल्हा हाय तो. आपण मराठी लिहितो, ते बंगाली लिहितात.” जमादार वहीत काहीतरी टिपत होते. “हे बघा तातेराव, कागद बघून माणूस ठिवला असंल तर तुमाला तकलीफ न्हाई अन् त्यालाबी न्हाई. बघितलाच नसंल तर तुमालाबी गाडीत बसावं लागंल. बघितला व्हता ना?”

“बघितलाय की,” आशाबाईच बोलली. “यांनीच कपाटात ठिवलाय. आणते मी.”

“थांब!” तातेराव ओरडलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, “चावी... चावी वसमतला राहिली.”

जाळला, हा एकच शब्द सांगायचा होता. ऐकून जमादार खवळले असते, पण मोतिउरसाठी त्यांनी दुसरी काही वाट शोधली असती. फक्त मग तातेरावाला जीपमध्ये बसावं लागलं असतं. त्यानं जमिनीकडं पाहिलं आणि तो शब्द गिळला.

“मंग उद्या सकाळी ठाण्यात घेऊन या,” जमादार उठले. “तवर याला न्यावं लागतं. अन् इसरू नका. कागद न्हाई आला तर परवा याला सरहद्दीकडं धाडतील. मंग माझ्या हातात काई न्हाई.”

“आणतो,” तातेराव म्हणाला.

मोतिउरनं हौदावर हात धुतले. पिवळेपण काही गेलं नाही. त्यानं भट्टीत आणखी चार पऱ्हाट्या टाकल्या, हळद कच्ची राहू नये म्हणून, आणि जीपकडं निघाला.

“तुमाला काहून एवढा घाम येऊन राहिला?” आशाबाईनं नवऱ्याला विचारलं. तातेरावानं बाहीनं कपाळ पुसलं.

जीपमध्ये पाय ठेवता ठेवता मोतिउरनंही ते पाहिलं. तो परत फिरला आणि आपला पिवळा हात त्यानं तातेरावाच्या खांद्यावर ठेवला.

“आप काहे को डरते हो, सेठ? कागज तो आप के पास है.”